परक्याच्या पाण्यावरची शेती

कोकणच्या खाड्यांतील खडकांवरून फोडून काढलेल्या कालवांची चव ज्यांना परिचित आहे, त्यांना हा जीव निसर्गाने आपण होऊन दिलेला वाटणे स्वाभाविक असले, तरी फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आर्काशोंच्या खाडीत त्याची रीतसर शेती दीड शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. चुन्याचा लेप दिलेली कौले पाण्यात मांडून त्यांवर येऊन चिकटणारी सूक्ष्म पिले धरावयाची, ती सोडवून पुढे जाळीच्या पिशव्यांत भरावयाची, त्या पिशव्या ओहोटीच्या वेळी उलटसुलट करावयाच्या आणि असे सुमारे तीन वर्षे जपल्यावर माल बाजारात न्यावयाचा, असा तिचा क्रम आहे. किनाऱ्याची जागा सरकारकडून मुदतीच्या पट्ट्याने मिळते. परंतु ज्या पाण्यावर पीक पोसते, त्यावर शेतकऱ्याचा काडीइतकाही अंमल चालत नाही, आणि या धंद्यावर आलेल्या बहुतेक अरिष्टांचे मूळ मला येथेच दिसते.

१९७०नंतरच्या दशकात सहलीच्या नौकांची संख्या वाढली, आणि त्यांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगातील कथिलाचे एक विषारी संयुग खाडीत उतरू लागले. कौलांवर पिले धरेनाशी झाली. जी कालवे वाचली त्यांची शिंपली वेडीवाकडी, जाड व पोकळ कप्प्यांची होऊन बाजारात त्यांना कोणी विचारीना. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांना तो रंग लावण्यास मनाई केली आणि पिले पुन्हा धरू लागली. असे असूनही सर्व जगाला लागू होणारी बंदी अमलात येण्यास २००८ साल उजाडावे लागले!

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फ्रान्सभरची कोवळी कालवे नागीणवर्गीय विषाणूने मोठ्या प्रमाणावर मेली. पाणी सोळा अंशांच्या वर तापले की हा रोग उसळतो. त्यामुळे समुद्र जसजसा उबदार होईल, तसतसा धोक्याचा हंगाम लांबत जाणार. सध्या पिकविल्या जाणाऱ्या जातीबाबत रोगाचे भय विशेष वाटावे असे कारणही आहे: पूर्वीची पोर्तुगीज कालवे १९७०च्या सुमारास अशाच एका विषाणूने निर्वंश झाल्यावर तिला जपानहून मुद्दाम आणून येथे वसविले होते.

पण मनाला सर्वाधिक लागते ते २०२३च्या डिसेंबरअखेरचे संकट. अतिवृष्टीने सांडपाण्याची गटारे तुंबून वाहिली, माणसाच्या आतड्यातील नोरोव्हायरस खाडीत पोहोचला, आणि कालवे खाल्लेल्या लोकांना उलट्या-जुलाब होऊ लागताच जिल्हा प्रशासनाने विक्री बंद ठेवण्याचा हुकूम काढला. फ्रान्समध्ये कालवे कच्चीच खातात, म्हणून तो हुकूम रास्तच होता. परंतु नाताळ व नववर्ष हाच त्या धंद्याचा सुगीचा काळ असल्यामुळे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा ऐन घटकेला बुडाला. या विषाणूने कालव स्वतः आजारी पडत नाही. पाणी गाळून अन्न घेण्याच्या स्वभावापायी ते आपल्या अंगात परक्याची घाण साठविते, आणि शुद्ध पाण्याच्या हौदात ठेवले असता जिवाणू निघून जातात तरी हा विषाणू सहजासहजी निघत नाही. म्हणजे शेतकऱ्याने आपल्या कामात कितीही दक्षता बाळगली तरी उपाय त्याच्या आवारात नाही. तो किनाऱ्यावरील वाढत्या वस्तीच्या गटारांत आहे, आणि नव्या घरांना परवाने देणाऱ्यांनी त्या गटारांची क्षमता आधी तपासावी व झालेल्या नुकसानीची भरपाईही त्यांच्याच तिजोरीतून व्हावी, ही मागणी मला सर्वथा न्याय्य वाटते.