नासाच्या अडचणी, छोट्यांची उत्तरे

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संशोधन खर्चातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवणारी योजना ‘एसबीआयआर’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे मूळ नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये आहे. तिथले अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी 1977 मध्ये तिचा पहिला नमुना चालवून दाखवला. संशोधनाचा सरकारी पैसा तोवर मुख्यतः मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांकडेच जात असे, त्यामुळे या वाटणीला विद्यापीठांनी विरोध केला. तरीही 22 जुलै 1982 रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने कायदा झाला. बाहेरच्या संस्थांकडून वर्षाला 10 कोटी डॉलरहून अधिक किमतीचे संशोधन करून घेणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याला ही योजना बंधनकारक झाली. सुरुवातीला वाटा होता 0.2 टक्के; 2017 पासून तो 3.2 टक्के आहे. विद्यापीठासोबत भागीदारीत काम करणाऱ्या लहान कंपन्यांसाठी 1992 मध्ये ‘एसटीटीआर’ ही जोडयोजना आली. दोन्हींसाठी ‘लहान’ म्हणजे जास्तीत जास्त 500 माणसांची, नफ्यासाठी चालणारी अमेरिकी कंपनी.

नासाच्या बाबतीत कामाची सुरुवात कंपनीच्या कल्पनेपासून होत नाही, नासाच्या अडचणींपासून होते. कोणत्या प्रश्नांना उत्तर हवे आहे, याची विषयवार यादी नासा जाहीर करते. चंद्रावरची धूळ सांध्यांत शिरू नये, द्रवरूप हायड्रोजन महिनोन्‌महिने उडून जाऊ नये, संवेदक कमी विजेवर चालावा, अशा नेमक्या गरजा तिच्यात असतात. बाजारात ज्याला आज गिऱ्हाईक नाही, अशा गोष्टीचे एक गिऱ्हाईक या यादीमुळे आधीच ठाऊक होते. योजनेतल्या पैशाइतकेच, कदाचित त्याहून अधिक मोल या यादीला आहे.

पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. पहिल्या टप्प्यात कल्पना तग धरते का, एवढेच पाहायचे असते. अलीकडच्या वर्षांत त्यासाठी साधारण दीड लाख डॉलर आणि सहा महिने मिळत आले आहेत. त्यातून तरलेल्यांना दुसऱ्या टप्प्यात सुमारे साडेआठ लाख डॉलर आणि दोन वर्षे मिळतात, आणि हाती चालता नमुना यावा अशी अपेक्षा असते. तिसऱ्या टप्प्याला योजनेचा स्वतःचा पैसा नाही. तिथे नासाच्या एखाद्या मोहिमेने, दुसऱ्या खात्याने किंवा खासगी ग्राहकाने ती वस्तू विकत घ्यायची असते. मात्र आधीचे दोन टप्पे स्पर्धेतून पार पडलेले असल्याने सरकारी खात्याला पुन्हा निविदा न काढता थेट त्याच कंपनीशी करार करता येतो. नासा हा पैसा अनुदान म्हणून देतही नाही. तो करार असतो आणि ठरलेले काम हाती आले की हप्ता सुटतो. शोधाचे पेटंट कंपनीकडेच राहते. सरकारला स्वामित्वशुल्क न देता तो वापरण्याचा हक्क मिळतो, पण कंपनीची तांत्रिक माहिती 20 वर्षे इतरांना देता येत नाही. मोठ्या ठेकेदाराच्या सावलीत काम करणाऱ्या छोट्या कंपनीला हे कलम पैशाहून मोलाचे वाटते, आणि ते रास्तच आहे.

योजनेचा खरा कस कशात लागतो, हे न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर या लहान गावातल्या क्रिअरे कंपनीच्या कामातून दिसते. हबल दुर्बिणीवर फेब्रुवारी 1997 मध्ये ‘निकमॉस’ हे अवरक्त किरण टिपणारे उपकरण बसवले गेले. अशा उपकरणाची स्वतःची उष्णताच त्याला आंधळे करते, म्हणून ते गोठलेल्या नायट्रोजनच्या साठ्याने थंड ठेवले होते. साठा साडेचार वर्षे पुरायचा होता. पण बर्फ प्रसरण पावून आतल्या भागांना टेकला, उष्णता आत झिरपू लागली आणि जानेवारी 1999 मध्येच नायट्रोजन संपला. पुन्हा थंड करायचे तर शीतयंत्र हवे होते, आणि साधे शीतयंत्र थरथरते. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरची आकाशगंगा टिपणाऱ्या दुर्बिणीला ती थरथर परवडणारी नव्हती.

क्रिअरेकडे उत्तर होते, कारण 1980 च्या दशकापासून ती याच योजनेच्या करारांवर अतिशय लहान टर्बाइन असलेल्या शीतयंत्रांवर काम करत होती. यातली टर्बाइन मिनिटाला चार लाखांपर्यंत फेरे घेते. तिचा दांडा वायूच्या पातळ थरावर तरंगतो, कुठे घासत नाही, म्हणून झीज नाही आणि जाणवेल अशी थरथरही नाही. यंत्रातून निऑन वायू फिरतो आणि उपकरणाला उणे 196 अंश सेल्सियसच्या आसपास नेतो. ऑक्टोबर 1998 मध्ये, अंतराळवीर जॉन ग्लेन वयाच्या 77 व्या वर्षी पुन्हा अवकाशात गेले त्या शटलमधूनच या यंत्राची चाचणी झाली. मार्च 2002 मध्ये अंतराळवीरांनी ते हबलवर बसवले आणि निकमॉस आणखी सहा वर्षे चालले. हे काम सुरू झाले तेव्हा निकमॉस हबलवर पोहोचलेलेही नव्हते. आजच्या मोहिमेची निकड एवढीच कसोटी लावली असती, तर यातले कित्येक करार झालेच नसते.

कॅलिफोर्नियातल्या डिप्लॉयेबल स्पेस सिस्टिम्सचे गुंडाळता येणारे सौरपंख, म्हणजे ‘रोसा’, हे दुसरे ठळक उदाहरण. दोन्ही कडांना संमिश्र पदार्थाच्या, एका बाजूने चिरलेल्या नळ्या असतात. सुताराच्या पोलादी टेपप्रमाणे त्या गुंडाळल्या की ताण साठवतात आणि सोडल्या की आपोआप सरळ होतात. मधले सौरघटांचे कापड त्यांच्याबरोबर उलगडते. ताठ पत्र्यांच्या पंखांच्या तुलनेत हे पंख सुमारे 20 टक्क्यांनी हलके, आणि गुंडाळल्यावर चौथाई जागेत मावणारे. जून 2017 मध्ये अंतराळ स्थानकावर चाचणी झाली. पंख नीट उलगडला, पण परत गुंडाळल्यावर कुलूप लागेना, म्हणून तो अवकाशात सोडून द्यावा लागला. प्रत्यक्ष वापरात पंख एकदाच उघडायचा असतो, त्यामुळे या बिघाडाने कोणाची झोप उडाली नाही. जून 2021 पासून स्थानकाच्या थकलेल्या मूळ पंखांपुढे सुमारे 18 मीटर लांबीचे नवे पंख बसू लागले. प्रत्येकाची क्षमता 20 किलोवॉटहून अधिक. या कामात मुख्य ठेकेदार बोइंग होती. सप्टेंबर 2022 मध्ये डिमॉर्फोस या लघुग्रहावर आदळवलेल्या ‘डार्ट’ यानालाही याच जातीचे पंख होते.

तिसरे उदाहरण मंगळावरचे. पर्सिव्हिअरन्स गाडीतल्या ‘मॉक्सी’ उपकरणाने तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून एकूण 122 ग्रॅम प्राणवायू तयार केला. पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी दाबाची ती हवा आत खेचून दाबणारा पंप कोलोरॅडोतल्या एअर स्क्वेअर्ड या लहान कंपनीचा.

अशा यशोगाथा मोजक्याच असतात. नासा दरवर्षी शेकडो करार करते, आणि बहुतेक तंत्रे दुसऱ्या टप्प्याच्या अहवालानंतर पुढे सरकत नाहीत. नासात तंत्राची सज्जता एक ते नऊ अशा पायऱ्यांनी मोजतात. योजनेचा पैसा पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत नेतो, पण मोहिमेचा प्रमुख अवकाशात आधी चाललेलीच वस्तू मागतो. मधला खर्च कोणी करायचा, हा प्रश्न जुनाच आहे. उलट काही कंपन्या वस्तू विकण्यापेक्षा करार मिळवण्यातच पटाईत होतात. पहिल्या टप्प्याचे बरेच करार घेणाऱ्यांनी पुढची मजलही मारून दाखवावी, अशी अट त्यांच्यासाठीच आली. कायदाही कायमचा नाही. अमेरिकी काँग्रेसने 2022 मध्ये ऐनवेळी दिलेली मुदतवाढ 30 सप्टेंबर 2025 ला संपली तेव्हा नूतनीकरण झालेले नव्हते.

अनेक यशस्वी कंपन्या फार काळ छोट्या राहत नाहीत. 2014 मध्ये स्थानकावर पहिले त्रिमित छपाईयंत्र पाठवणारी मेड इन स्पेस 2020 मध्ये रेडवायर समूहात गेली. पाठोपाठ 2021 मध्ये रोसाची कंपनीही. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांसाठी मंगळावरचे खडक घासणारे हत्यार बनवणारी हनीबी रोबोटिक्स 2022 मध्ये ब्लू ओरिजिनने घेतली. माणसांची मोजदाद मालक समूहासकट होते. त्यामुळे अशा खरेदीनंतर 500 ची मर्यादा ओलांडली गेली, की ज्या योजनेत कंपनी वाढली, तिच्यासाठी नवा अर्ज करण्याचा तिचा हक्क तिथेच संपतो.