स्मृतीतील माहिती बाह्य आज्ञेच्या हाती : नलिकेचा मार्ग

अंधेरीजवळील जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय.आय.टी. या दोन संस्थांमध्ये १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्नेट प्रकल्पांतर्गत ई-पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली. (यांपैकी पहिली संस्था २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली.) त्या काळच्या यूयूसीपी पद्धतीत पलीकडच्या संगणकावर ‘आरमेल’ ही आज्ञा चालविली जाई. पत्ता तिला प्राचल म्हणून मिळे. पत्राचा मजकूर मात्र तिच्या प्रमाण आदानातून, म्हणजे वाचनासाठी राखलेल्या प्रवाहातून, येई. ही विभागणी आजही मार्गदर्शक आहे.

समजा, उपनगरातील एखाद्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील स्क्रिप्टने गुणपत्रक एका चलात तयार केले असून ते सांकेतिक रूपात बदलणाऱ्या बाह्य आज्ञेस द्यावयाचे आहे. ते प्राचल म्हणून दिल्यास, आज्ञा चालू असेपर्यंत, त्या सामायिक संगणकावरील इतर वापरकर्त्यांना प्रक्रियांच्या यादीत विद्यार्थ्यांचे गुण वाचता येऊ शकतात. शिवाय लिनक्समध्ये एका प्राचलाची मर्यादा सामान्यतः १२८ किलोबाइट असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. त्यामुळे सुमारे ४३,००० चिन्हांतच ही मर्यादा संपते. तात्पुरत्या फाइलचा उपाय परिचित खरा, पण स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर ती फाइल तशीच मागे राहते.

यावर नलिका हा सरळ मार्ग होय. डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६४ साली कार्यक्रम बागेतील रबरी नळीप्रमाणे एकमेकांस जोडण्याची कल्पना मांडली. केन टॉम्पसन यांनी १९७३ साली ती युनिक्समध्ये उतरविली. बॅशमध्ये ‘प्रिंटएफ’ने चलातील मजकूर लिहावा आणि | या चिन्हापुढे बाह्य आज्ञा ठेवावी. ‘प्रिंटएफ’ ही कवचाची अंगभूत आज्ञा असल्याने मजकूर प्रक्रियांच्या यादीत येत नाही. <<< या चिन्हाची सोय आटोपशीर आहे. मात्र ती मजकुराच्या शेवटी एक नवओळ जोडते. स्वाक्षरी किंवा पडताळा-अंक काढताना एवढ्या फरकानेही उत्तर बदलते. बॅशच्या ५.१ पूर्वीच्या आवृत्त्या तर त्यासाठी पडद्याआड तात्पुरती फाइलच वापरीत.

खरी अडचण दुतर्फा संवादात येते. लिनक्समध्ये नलिकेची धारणक्षमता सामान्यतः ६४ किलोबाइट असते. स्क्रिप्टने आधी सर्व मजकूर लिहून मगच उत्तर वाचावयाचे ठरविले, तर मोठ्या मजकुराच्या बाबतीत आज्ञेच्या उत्तराची नलिका भरते. आज्ञा थांबते, तिचे वाचनही थांबते आणि मग स्क्रिप्टचे लेखनही अडते. कोणतीही त्रुटी न दर्शविता दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. चाचणीतील ५० विद्यार्थ्यांच्या यादीवर हा दोष दिसत नाही, तो निकालाच्या दिवशी दिसतो. पायथनच्या ‘सबप्रोसेस’ विभागातील ‘कम्युनिकेट’ ही क्रिया लेखन व वाचन एकाच वेळी सांभाळते आणि लेखन संपताच नलिकेचे तोंड बंद करते. ते बंद झाल्याखेरीज आदान संपल्याचे बाह्य आज्ञेस कळत नाही.