विजोड, पण कोणाच्या मापानं?

आज आपण इंग्रजीतल्या काही शब्दांकडे बघणार आहोत. न जुळणाऱ्या जोड्यांसाठी त्या भाषेत पुष्कळ शब्द आहेत, आणि आपण मात्र मराठी बोलताना त्या सगळ्यांच्या जागी सरसकट 'मिसमॅच' म्हणून मोकळे होतो. लग्न असो, राजकीय युती असो, नाहीतर सोफा आणि पडदे असोत. पण यातला प्रत्येक शब्द आपलं वेगळं माप घेऊन येतो. ते माप कोणाच्या हातात आहे हे पाहिलं नाही, तर शब्द चुकतो, आणि कधी कधी माणसांवर अन्यायही होतो.

आधी थोडं तर्कशास्त्र. 'अ हा ब पेक्षा उंच आहे' हे वाक्य पूर्ण आहे. 'अ हा ब ला विजोड आहे' हे वाक्य पूर्ण वाटतं, पण नाही. विजोड कशासाठी? संसारासाठी, नांगरासाठी, की चारचौघांत दिसण्यासाठी? म्हणजे इथे दोन नव्हे, तीन पदं आहेत. तिसरं पद आपण गिळून टाकतो, आणि गडबड तिथेच होते.

आता 'मिसमॅच' घेऊ. 'मॅच' या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ जोडीदार, बरोबरीचा. (काडेपेटीतली मॅच वेगळी, ती वातीच्या शब्दावरून आली.) खेळातली मॅचसुद्धा म्हणजे बरोबरीच्यांची गाठ. इथे माप त्या दोघांच्या मधलंच असतं. एक पायमोजा निळा, एक काळा. दोष कोणाचाच नाही. गंमत बघा, 'मॅचलेस' म्हणजे ज्याला जोड नाही असा, आणि 'मिसमॅच्ड' म्हणजे ज्याची जोड चुकली असा. आपल्याकडेही नेमकं तेच: 'बेजोड' ही स्तुती आणि 'विजोड' ही तक्रार!

दुसरा शब्द 'मेझालियान्स'. हा फ्रेंचमधून आला. त्याचंच इंग्रजी रूप 'मिसअलायन्स'. १९१० साली रंगभूमीवर आलेल्या बर्नार्ड शॉच्या एका नाटकाचं हेच नाव आहे. या शब्दाचा रोख खालच्या दर्जाच्या घराण्याशी केलेल्या लग्नावर असतो. दोघांचं एकमेकांशी पटतं की नाही, हा प्रश्न तो शब्द विचारतच नाही. माप जोडीच्या बाहेर, समाजाच्या हातात.

युरोपच्या राजघराण्यांनी तर यासाठी कायदेशीर सोयच केली होती. तिचं नाव 'मॉर्गनॅटिक' विवाह. लग्न धर्माप्रमाणे खरं, पण पत्नीला पतीचा दर्जा नाही आणि मुलांना वारसा नाही. हा शब्द ज्या जर्मानिक शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'सकाळची भेट', म्हणजे लग्नानंतरच्या सकाळी नवऱ्यानं बायकोला द्यायची देणगी. तिचा हक्क तेवढाच.

ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्ट्स फर्डिनांड आणि सोफी होटेक यांचं लग्न असंच होतं. सोफी सरदारघराण्यातली, पण हॅब्सबर्गांच्या लेखी तेवढं पुरेसं नव्हतं. २८ जून १९०० रोजी युवराजानं होणाऱ्या मुलांचा गादीवरचा हक्क शपथेवर सोडला, आणि तीन दिवसांनी लग्न झालं. दरबारी समारंभांत तिची जागा राजकन्यांच्या मागे. दोघांचा संसार मात्र सुखाचा होता. बरोबर चौदा वर्षांनी, २८ जून १९१४ ला, साराजेव्होत दोघांचीही हत्या झाली. व्हिएन्नातल्या राजघराण्याच्या दफनगृहात तिला जागा नव्हती, म्हणून दोघांना आर्टस्टेटन इथे पुरण्यात आलं. मरणानंतरही तो एक शब्द सुटला नाही.

आता याच्या शेजारी आपलं एक उदाहरण ठेवा. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ चं, म्हणजे त्या शपथेच्या अवघं एक वर्ष आधीचं. पैसेवाला म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी. दर्जाच्या मापानं इथे 'मेझालियान्स' नाहीच, उलट स्थळ श्रीमंत! पण त्या मुलीच्या बाजूनं पाहिलं तर याहून मोठा 'मिसमॅच' कुठला? व्हिएन्नात जुळलेली जोडी विजोड ठरवली गेली, आणि इथे विजोड जोडी चांगलं स्थळ म्हणून खपवली जात होती. हा फरक दाखवायला दोन वेगळे शब्द लागतात की नाही, सांगा.

तिसरा शब्दप्रयोग नांगराचा. बायबलच्या जुन्या करारात बैल आणि गाढव एकत्र जुंपू नये असा नियम आहे, आणि पुढे संत पौलानं तीच प्रतिमा श्रद्धा न जुळणाऱ्यांच्या संबंधासाठी वापरली. इंग्रजीत त्याला 'अनइक्वली योक्ड' म्हणतात. हा 'योक' आणि आपलं 'जू' एकाच मुळातले, बरं का. इथे माप कामाचं आहे. शेतकरी जोडी पाहतो ती चालीवरून आणि ताकदीवरून. कारण चाल जुळली नाही तर जू दोघांच्याही मानेला काचतं. मला हे माप सर्वांत प्रामाणिक वाटतं.

चौथा, 'स्ट्रेंज बेडफेलोज'. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये वादळाला भिऊन एक विदूषक कॅलिबनच्या झग्याखाली शिरतो, तिथून हा प्रयोग रूढ झाला. आज तो राजकारणातल्या युत्यांसाठी वापरतात. यात दर्जा नाही, गुण नाहीत, फक्त वादळ आहे. वादळ ओसरलं की झग्यातून दोघंही बाहेर.

आणि वेगळेपण म्हणजे विजोडपण, असंही समजू नका. 'अलायन्स' आणि 'अलॉय' हे दोन्ही शब्द बांधण्याच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत. अलॉय म्हणजे मिश्रधातू. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ. पण दोन्ही एकत्र आले की कठीण कांसं होतं.

तेव्हा यापुढे कोणी एखाद्या जोडप्याकडे पाहून 'मिसमॅच आहे हो' म्हणालं, तर त्यांना दोनच प्रश्न विचारा. कशासाठी? आणि कोणाच्या मापानं? पुष्कळदा उत्तरात त्या दोघांचा उल्लेखच नसतो, बोलणाऱ्याचाच असतो.