सूचीबाहेरील रुग्णालयाचे देयक

केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पुढे तिचा विस्तार इतर शहरांत झाला, आणि स्वतःच्या दवाखान्यांखेरीज खासगी रुग्णालयांशीही करार करणे शासनास आवश्यक वाटू लागले. या करारांतून मान्य रुग्णालयांची सूची निर्माण झाली. सूचीतील रुग्णालय ठरलेल्या दराने उपचार करते. सूचीबाहेरील रुग्णालयावर असे बंधन नसते. ते आपल्या दराने देयक आकारते, आणि शासन आपल्याला मान्य असलेल्या दरापुरतीच प्रतिपूर्ती करते. या दोन रकमांमधील अंतर रुग्णाच्या माथी येते.

शस्त्रक्रियेचा दिवस आधीपासून ठरलेला असेल, तर सूची पाहून रुग्णालय निवडावे, हे उघडच आहे. परंतु मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाने सूची कोठे शोधावी?

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९९६ मध्ये आला. पंजाब सरकारचा एक कर्मचारी इंग्लंडला गेला असता हृदयविकाराने आजारी पडला व तेथेच त्याची शस्त्रक्रिया करावी लागली. आधी वैद्यकीय मंडळाची अनुमती घेतली नव्हती, ही राज्याची हरकत होती. आत्मसंरक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने मानले आणि त्यासाठी गरुडपुराणाचाही आधार घेतला. कायद्याच्या निकालपत्रात तो आढळावा, याचे वाचकास नवल वाटेल. तथापि न्यायालयाने इंग्लंडमधील सर्व खर्च मंजूर केला नाही. दिल्लीतील एका मान्य खासगी रुग्णालयाच्या दराने रक्कम देवविली. हक्क मान्य झाला, पण दराची मर्यादा राहिली. या विषयातील बहुतेक वाद आजही याच ठिकाणी अडतात.

२०१८ मधील शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालय याहून पुढे गेले. निवृत्त अधिकाऱ्याने केलेला दावा केवळ रुग्णालय सूचीत नाही म्हणून नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाले काय आणि डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कागद त्यास दुजोरा देतात काय, एवढेच पाहावयाचे, असा निर्णय त्याने दिला. निवृत्तांच्या दाव्यांचा निकाल एका महिन्यात लागावा, असेही सांगितले.

म्हणून सर्व भार कागदांवर येतो. रुग्णाची प्रकृती तातडीची होती, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वीच मागून घ्यावे. काही महिन्यांनंतर ते मिळविणे फार कठीण जाते. रुग्णालयातून सुटी देतानाचा सारांश, बाबवार देयक आणि शरीरात काही उपकरण बसविले असल्यास त्याची पावती व वेष्टनावरील चिठ्ठीही जपून ठेवावी. एकरकमी आकडा लिहिलेल्या देयकावरून कोणताही कारकून काही मंजूर करू शकत नाही, आणि त्याला दोष देणेही योग्य नाही.

खासगी विम्याची रीत थोडी निराळी आहे. सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये करारबाहेरील रुग्णालयांतही रोख रकमेविना उपचारांची सोय जाहीर केली. त्यासाठी नियोजित उपचारांची सूचना ४८ तास आधी, तर तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांत द्यावी लागते. दावा विमापत्राच्या अटींत बसला पाहिजे, हे अर्थातच आले. कंपनीने दावा फेटाळला, अथवा तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकिलाची गरजही नाही. मात्र शासकीय योजनेतील दावे लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यासाठी संबंधित खात्याकडेच लेखी अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाची पोच न विसरता घ्यावी.