विश्लेषण : भर उन्हात हिरवी झाडे ‘उपाशी’ का राहतात?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे वेवजी, तलासरीवरून डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्याकडे वाहतात. समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की पारा चढतो. किनारपट्टीवर 37 अंश हा उष्णतेच्या लाटेचा एक निकष आहे. अशा दुपारी किनाऱ्यावरील सुरूच्या बनात काय घडते?

सुरू सूचिपर्णी आहे का?
नाही. तो पाइनसारखा दिसतो, पण सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे हिरव्या डहाळ्या. खरी पाने सांध्यांवरचे बारीक खवले. पर्णरंध्रे खाचांत दडलेली असल्याने पाणी कमी उडते.

कोरडी हवा काय करते?
तापमान 25 वरून 35 अंशांवर गेले, की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे पावणेदोन पट होते. ओलावा तेवढाच राहिला तर हवा झाडातले पाणी ओढते. झाड रंध्रे मिटते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. हिमालयातील देवदार, चीड या खऱ्या सूचिपर्णींचेही तेच होते.

उष्णतेचा वेगळा फटका कोणता?
कार्बन पकडणारे ‘रुबिस्को’ हे विकर उष्णतेत ऑक्सिजनच अधिक पकडू लागते. श्वसनही वाढते. म्हणजे कमाई कमी, खर्च जास्त.

पाणी घातले की भागते?
पूर्णपणे नाही. जमीन ओली असली तरी कोरड्या हवेत रंध्रे मिटतात. म्हणून वारा अडवणारी नवी रोपे जगवायची, तर पाण्याबरोबर बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि दुपारची सावलीही हवी.