मुलीचे कान टोचताना: सुई, सोनं आणि वजूचं पाणी

ईद जवळ आली किंवा घरात अकीका ठरला की लहान मुलींचे कान टोचण्याचा विषय निघतोच. कुणी म्हणतं सोनाराकडे न्या, कुणी म्हणतं मॉलमध्ये गनने दोन सेकंदांत होतं, आणि नानी म्हणते, आमच्या वेळी घरीच सुई-दोऱ्याने टोचले, काही झालं नाही. नानीचं खरं आहे, पण अर्धंच. कान पिकून महिनाभर रडलेल्या मुलीही प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

आधी शरीयतचं थोडक्यात. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. ईदच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी स्त्रियांना सदक्याची नसीहत केली, तेव्हा स्त्रियांनी आपली कानातली आणि अंगठ्या काढून हजरत बिलाल (रजि.) यांच्या कपड्यात टाकल्या. त्या काळी स्त्रिया कानात दागिने घालत होत्या आणि त्यांना मनाई झाली नाही, असा अर्थ उलमांनी यातून घेतला. हनफी फिकहमध्ये मुलींचे कान टोचणं जायज मानलं जातं. मुलांचे कान टोचणं मात्र बहुतेक उलमांना मान्य नाही. शाफई मसलकचे थोर आलिम इमाम गजाली (रह.) यांनी मुलींच्या बाबतीतही हरकत घेतली होती. निव्वळ दागिन्यासाठी मुलीला जखम का करायची, असा त्यांचा मुद्दा होता. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई आहेत आणि तिथेही सर्रास कान टोचले जातात, कारण इतर उलमांनी परवानगी दिली आहे. परवानगीचा प्रश्न आपापल्या मौलाना साहेबांना विचारावा. पण इमाम साहेबांचा 'जखम' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉक्टरही हेच सांगतात. कान टोचणं म्हणजे एक छोटी जखम करणं आणि मग ती अनेक आठवडे सांभाळणं.

जखम आली की पहिला प्रश्न सुईचा. सीलबंद पाकिटातली, आपल्यासमोर उघडलेली आणि एकदाच वापरून फेकायची सुई हवी. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली किंवा गॅसवर लाल केलेली सुई निर्जंतुक झाली असं धरून चालू नका. खरं निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये होतं, म्हणजे दाबाखालच्या 121 अंशांच्या वाफेत साधारण 15 ते 20 मिनिटं. हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ बी, तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकू शकतो. रक्त डोळ्यांना दिसलंच पाहिजे असंही नाही. म्हणून एकाच सुईने घरातल्या तिन्ही बहिणींचे कान टोचून घेण्याची काटकसर नको.

सोनाराची पद्धत थोडी वेगळी. तो सोन्याच्या तारेचं टोकच पाळीतून आरपार नेतो आणि तार वळवून टाकतो. अनुभवी हात असेल तर भोक सरळ पडतं, हे मान्य करायला हवं. फक्त तार निर्जंतुक केली आहे का, त्याने हात साबणाने धुऊन नवे हातमोजे घातले का, हे विचारायला लाजू नका. शक्य असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच टोचून घ्या. अनेक दवाखान्यांत हे होतं.

बाळाचं वय किती असावं? आपल्याकडे सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलेंट लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात. तिच्यात धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींपासून संरक्षण असतं. हे तीन डोस होईपर्यंत थांबलेलं बरं. अकीका सातव्या दिवशी करा, कान त्याच दिवशी टोचायची काही सक्ती नाही. दुसरीकडे फार उशीरही नको. घरात कुणाला जखमेच्या जागी जाड, वाढत जाणारी गाठ (केलॉइड) येत असेल तर अकरा वर्षांच्या पुढे टोचलेल्या कानांत तिचा धोका जास्त दिसतो.

आता गन. तिचा प्लॅस्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, आणि ती बोथट टोकाची रिंग स्प्रिंगच्या जोराने आत ढकलते. मऊ पाळीला हे एकवेळ चालून जातं. वरच्या कडक भागाला, म्हणजे कूर्चेला, अजिबात नाही. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे जंतू शिरले की औषध पोचायलाही वेळ लागतो. 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एकाच स्टॉलवर कानाची वरची कड टोचून घेतलेल्या 7 जणांना स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाल्याचं पक्कं झालं होतं. असा संसर्ग वाढला तर कूर्चा गळते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. आपल्या आजी-पणजीच्या कानात पाळीपासून वरपर्यंत ओळीने बाळ्या असत, हे खरं. ती हौस आज मुलींमध्ये परत आली आहे. ज्यांना करायचंच आहे त्यांनी वरचा भाग फक्त सुईने, डॉक्टरांकडून टोचून घ्यावा आणि एका वेळी एकच. बरं व्हायला 4 महिन्यांपासून वर्षही लागतं. पाळी 6 ते 8 आठवड्यांत भरते.

धातूमध्ये मुख्य शत्रू निकेल. खाज, लाली, पाणी सुटणं यामागे पुष्कळदा जंतू नसून निकेलची अॅलर्जी असते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. बाजारातली गोल्ड-प्लेटेड कानातली नव्या भोकात नकोत. हॉलमार्क असलेलं 22 कॅरेट (916) सोनं किंवा इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम चांगलं. चांदी भोक भरल्यावर घाला. व्हाइट गोल्डमध्ये निकेल असू शकतं, विचारून घ्या.

नंतरची काळजी सोपी आहे, पण आपल्याकडे तिथेच जास्त चुकतं. एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्यात स्वच्छ कापूस बुडवा, दिवसातून दोनदा पुसा, कोरडं करा. हळद-तेल, पावडर, झाडूची काडी, कडुनिंबाची काडी, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीच लागत नाही. आणि रिंग फिरवू नका! 'फिरवली नाही तर चिकटेल' हा सल्ला जुना झाला. प्रत्येक फेरीत जखम नव्याने उघडते.

मग वजू आणि गुसलचं काय? हा प्रश्न मोठ्या मुली आणि बायकांचा. वजूत कानाचा मसह आहे, तो ओल्या बोटांनी हलकेच होतो. गुसलमध्ये पाणी भोकापर्यंत पोचावं म्हणून घट्ट बाळी हलवावी, असं हनफी किताबांत आहे, आणि बऱ्या झालेल्या कानाला त्याने काही होत नाही. ताज्या जखमेला मात्र वाहतं स्वच्छ पाणी वरून सोडलं तर नुकसान नसतं, नुकसान रिंग ओढण्याने होतं. नाकातल्या चमकीचंही तसंच, तिथे तर वजूत चेहरा धुणं फर्ज आहे. जखम चिघळली असेल आणि डॉक्टरांनी पाणी बंद सांगितलं असेल, तर शरीयतमध्ये सवलत आहे, तपशील मुफ्ती साहेबांकडून घ्या. आणखी एक, जखमेतून रक्त किंवा पू वाहिला तर हनफींकडे वजू तुटतो, शाफईंकडे तुटत नाही.

स्कार्फचं कुणी सांगत नाही. आतली घट्ट टोपी, नकाबचं इलॅस्टिक आणि जाळीदार ओढणी यांत रिंग अडकते, ओढली जाते, घाम साचतो. पहिले दोन महिने सुती सैल कापड आणि चपटी रिंग ठेवा. झुमके नंतर.

जागा गरम, ताठ आणि वाढत्या सुजेची झाली, पिवळा पू आला, ताप आला तर डॉक्टरांकडे जा. दुखतंय ते वरच्या कूर्चेत असेल तर दुसरा दिवस उजाडायची वाट पाहू नका. आणि घरी रिंग काढून टाकू नका, भोक मिटलं तर पू आतच कोंडतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टर ठरवतील.