आषाढातली बॅटरी

26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. अशा वेळी रेडिओवरचे निरोप पुढे पोचवणाऱ्या रिपीटरच्या विजेचा प्रश्न नवी मुंबईतल्या आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींना त्या दिवसापासून टोचू लागला.

आमचे हँडसेट 144 ते 146 मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी साधारण सरळ जातात. पारसिकचा डोंगर आडवा आला की ऐरोलीचा आवाज तळोज्याला पोचत नाही. माथ्यावरचा रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि 600 किलोहर्ट्झ पलीकडे तेच पुन्हा प्रक्षेपित करतो. नुसतं ऐकत बसायला अर्धा अँपिअर पुरतो, बोलायला मात्र पाच-सहा लागतात. दिवसाला दोन तास बोलणं झालं तरी जवळपास चोवीस अँपिअर-तास खर्ची पडतात. शंभर अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची, म्हणजे हाती उरतात जेमतेम दोन दिवस. मार्चमध्ये सौर पॅनेल हा खर्च सहज भरून काढतं. पण रिपीटरची खरी गरज लागते ती ढग हटत नाहीत त्या आठवड्यात. सौरऊर्जेचा हिशोब आम्ही बरीच वर्षं उन्हाळ्यातल्या आकड्यांवर मांडत आलो, तो आषाढातल्या आकड्यांवर मांडायला हवा असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला देखरेख म्हणजे मल्टिमीटर घेऊन वर चढणं. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर खरवडायचा, डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, पॅनेलवरची दगडखाणींची धूळ पुसायची. पुढे कंट्रोलर आले. हँडसेटची बटणं ठरावीक क्रमाने दाबली की रिपीटर मोर्समध्ये व्होल्टेज सांगायचा, किंवा बॅटरीवर गेला की बोलण्याशेवटच्या बीपचा सूर बदलायचा. ज्याच्या कानाला सवय होती त्याला घरबसल्या कळायचं. इतकं साधं आणि भरवशाचं साधन मी नंतर क्वचितच पाहिलं.

त्याच 2005 च्या 5 मे रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी6 मधून हॅमसॅट हा उपग्रह सोडला होता. साडेबेचाळीस किलोचा, सूर्यावर चालणारा, आकाशातला आमचा रिपीटरच म्हणा. तिथे मल्टिमीटर घेऊन कोण जाणार? त्याची प्रकृती कळायची ती टेलिमेट्रीतून, म्हणजे त्याने रेडिओवरून धाडलेल्या मोजमापांतूनच. नऊ वर्षं त्याने साथ दिली आणि जुलै 2014 मध्ये तो थांबला, लिथियम-आयन बॅटरी निकामी झाल्यामुळे. ती बातमी वाचून मनापासून वाईट वाटलं.

2014 नंतर इएसपी8266 सारख्या वायफाय चिप काही शे रुपयांत मिळू लागल्या आणि व्होल्टेज, करंट, तापमान फोनवर दिसू लागलं. सोय मोठी, पण ती मोबाइल नेटवर्कच्या जिवावर. 26 जुलैसारख्या दिवशी आलेख नेमका तेव्हाच कोरा पडेल. म्हणून अमेरिकेच्या बॉब ब्रुनिंगा यांनी घडवलेली एपीआरएस पद्धत मला जवळची वाटते: पाच मोजमापं आणि आठ चालू-बंद खुणा एका छोट्या संदेशात, थेट रेडिओवरून.

व्होल्टेजचा आकडा कधी वाचायचा हेही शिकावं लागलं. दुपारी चार्जर जोडलेला असताना 14.4 दिसतो, त्यावर विसंबू नये. पहाटे, पॅनेल झोपलेलं आणि रिपीटर गप्प असताना जो आकडा दिसतो तो खरा. 12.7 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.1 म्हणजे निम्मी संपली, आता गप्पा आवरा आणि तातडीच्या निरोपांसाठी वीज राखा.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आल्या आहेत. वजनाला हलक्या, त्यामुळे डोंगर चढवायला बऱ्या. पण त्यांचं व्होल्टेज बराच काळ 13.2 च्या आसपासच रेंगाळतं, तेव्हा पहाटेचा आकडा फारसं बोलत नाही. शंट बसवून आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजावा लागतो, आणि ते मोजमाप बॅटरी पूर्ण भरली की शंभर टक्क्यांवर आणून ताळ्यावर ठेवायचं असतं. जुलैत ती आठवडेच्या आठवडे पूर्ण भरत नाही, चूक साचत जाते. त्यामुळे मेअखेरीस एकदा तरी वर जाऊन बॅटरी पूर्ण भरल्याची खात्री करणं अजून सुटलेलं नाही.